चांदण्यात लावलेले धुक्याचे लाईट

माझं कोणी ऐकलं नाही. पोलिसांनी नाही, गावानं नाही, घरच्या माणसानंही नाही. तेरा महिने मी तेच तेच सांगत होते आणि लोक माझ्याकडं अंगात आलेल्या बाईकडं पाहावं तसं पाहत होते. म्हणून आता लिहून टाकते. ज्याला पटत नसेल त्यानं वाचू नये, पण मला खोटं म्हणायला येऊ नये.

आमच्या गावात ही गोष्ट पोट्ट्यांना तोंडपाठ आहे, पण ती माझ्या तोंडची नाही. थंडी पडली की पुंडलिकरावांच्या अंगणात शेकोटी पेटायची. पुंडलिकराव म्हणजे नात्यानं माझे चुलत सासरे. मी त्यांना काकाजी म्हणते. बत्तीस वर्षं ट्रकवर काढलेला माणूस, आवाज भारी, सांगण्याची हौस मोठी. जेवणं झाली की पोट्टे गोधड्या गुंडाळून बसायचे आणि काकाजी बिडी पेटवून सुरू करायचे.

"तं पोट्टेहो, माझ्या ओळखीची एक बाई होती. नाव नाई घेत मी. गाडी चालवे. लय घाई होती तिले..."

नाव घ्यायचे नाहीत, पण सगळ्यांच्या माना माझ्या घराकडं वळायच्या.

त्यांच्या गोष्टीत ती बाई एका गरीब सायकलवाल्याला उडवते. मग तो मेलेला माणूस दर धुक्याच्या रात्री सायकल धरून तिच्या गाडीपुढं उभा राहतो. पोरी ऐकून एकमेकींना चिकटायच्या. काकाजींनी ते भूत मनानं रचलं होतं. तोपर्यंत तरी मला काही दिसलेलं नव्हतं.

आता खरं काय झालं ते.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजूला, आतल्या रस्त्यावर. गावातलं दूध मी गोळा करते आणि माझ्या पिकअपमधून पिपरी मेघेला पोचवते, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. माझे मालक रूपराव म्हशी सांभाळतात, गाडी मी सांभाळते. गाडी मला शिकवली ती पुंडलिकरावांनीच, हे मान्य करते. चांगली शिकवली. लाईटाचा धडा तर त्यांनी माझ्याकडून महिनाभर घोकून घेतला होता.

"हे पाय, सूनबाई," ते म्हणायचे, "खालचे पिवळे लाईट धुक्यासाठी. शंभर पावलांवरचं दिसत नसलं तं लाव. दिसून राह्यलं तं बंद. धुक्यात वरचा मोठा लाईट लावशीन तं पुढं पांढरी भिंत उभी राहीन, तुलेच काही दिसनार नाई. अन् धुकं नसतानी हे लावशीन तं समोरच्याचे डोळे जातीन. शोभेसाठी नोहे हे."

मी ते कधी मोडलं नाही.

२ डिसेंबर २०२२, शुक्रवार. संध्याकाळचं दूध घेऊन मी निघाले, पावणेआठ झाले असतील. पवनारकडं जाणारा आमचा डांबरी रस्ता धाम नदीच्या काठानं जातो. एका वेळी दोन गाड्या निघतील इतकाच रुंद. आभाळ स्वच्छ होतं. चांदणं असं की शेतातली तुरीची रांग मोजून घ्यावी. वळण घेतलं आणि समोरून उजेड आला.

दोन लाईट. खालचे. पांढरे, सुईसारखे.

मी डिप्पर दिला. समोरच्यानं ऐकलं नाही. मी परत दिला. मग मला रस्ता दिसेना, स्टेअरिंग दिसेना, माझे हात दिसेनात. दिसत नसेल तर थांबायचं, हेही मला शिकवलेलं. मी जागच्या जागी ब्रेक दाबला. गाडी उभी राहिली. उभी राहिल्यावर, हे नीट वाचा, उभी राहिल्यावर मला आवाज आला. धप्प. मग सायकल पडल्याचा.

डोळ्यापुढं हिरवे निळे गोळे फिरत होते. किती वेळ फिरले सांगता येत नाही. नजर परत आली तेव्हा रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि पलीकडच्या कडेला आमच्या गावचा तानबा पडला होता. शेतातून घरी निघालेला माणूस. डोळे उघडे होते. मी त्याला एकटीनं उचलून कॅनच्या मध्ये ठेवलं आणि दवाखान्याकडं गाडी पळवली. पवनारच्या पुढं तो गेला.

मी तिथंच सोडून गेले असते तर माझं नाव कुठंच आलं नसतं. मी आणला म्हणून मीच मारला. असा हिशोब.

ठाण्यात मी सांगितलं, "साहेब, समोरून धुक्याचे लाईट आले. दोन. मले काहीच दिसलं नाई, म्हनून मी गाडी उभी केली."

"धुकं होतं का?"

"नाई. चांदनं होतं."

"मग धुक्याचे लाईट कोण लावेल, बाई?"

"तेच तं इचारून राह्यली मी. कोन लावते?"

साहेब हसले. लिहिणारा शिपाईही हसला. माझ्या बंपरला जुना पोचा होता, फाटकाला घासून आलेला, तो त्यांनी लिहून घेतला. मग गावातला जाणता ड्रायव्हर म्हणून पुंडलिकरावांना विचारलं. माझ्यासमोर विचारलं. काकाजी टोपी काढून म्हणाले, "चांदन्यात धुक्याचे लाईट कोनी शहाना ड्रायव्हर लावत नाई साहेब. बाई मानूस आहे, भेली असंन. भास झाला असंन."

केस लागली. लायसन सहा महिने गेलं. तानबाच्या बायकोनं माझ्या गाडीत दूध घालणं बंद केलं आणि विहिरीवर मी आले की ती अर्धी घागर दाणकन आदळून, तिथंच सोडून निघून जायची. तो घागरीचा आवाज मला पोलिसांपेक्षा लागायचा. रूपराव म्हणायचे, "जाऊ दे न, कबूल करून टाक, चुकून झालं म्हन. सुटशीन."

"जे मी केलं नाई ते मी कबूल करत नसते," मी म्हटलं. "तुमी खुशाल उपाशी झोपा."

कोर्टाची तारीख फेब्रुवारी २०२४ ची होती. वकील म्हणाला, साक्षीदार नाही, काही खरं नाही.

आता ती रात्र.

१८ जानेवारी २०२४, गुरुवार. पहाटेचे चार वाजून वीस मिनिटं. गाडीतल्या घड्याळात पाहिलं म्हणून इतकं नक्की सांगते. अमावस्या होऊन आठवडा झाला होता, तेव्हा उगाच अमावस्या जोडू नका. धार काढून झाली होती, रूपरावांनी कॅन चढवले होते, मी वर शाल घेतली आणि निघाले. पिपरी मेघेत साडेपाचला दूध लागतं. तिथं मास्तर लोक, नोकरीवाले लोक. दूध अडलं की त्यांचा चहा अडतो आणि चहा अडला की फोन वाजतात.

गावाबाहेर आले तोवर साधं होतं. धामच्या काठाला लागले आणि धुकं उतरलं. आमच्याकडं रोज पडत नाही असं धुकं. बॉनेटचं टोक दिसेना. मी वरचा लाईट बंद केला. खालचे पिवळे लावले. काच खाली केली, कान बाहेर ठेवले, आणि माणूस चालतो त्या चालीनं गाडी सोडली. पिवळा उजेड रस्त्यावर सांडलेल्या दुधासारखा पसरत होता. तेवढंच दिसत होतं. पाच हात. सहा हात.

वळणाच्या अलीकडं मला एक चाक दिसलं.

सायकलचं मागचं चाक. माझ्या उजेडाच्या कडेला. ते फिरत होतं आणि आवाज नव्हता.

मग धोतर दिसलं. पाय दिसले. एक माणूस सायकल हातात धरून माझ्या पुढं चालत होता. मी हॉर्न दिला नाही. मी त्याच्या मागं मागं गेले. तो चालला की मी चालले. कॅनची झाकणं रोज खडखडतात, त्या वेळी ती गप्प होती. इंजिन चालू होतं, पण त्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता.

तो थांबला.

मी थांबले.

तो वळला आणि खिडकीकडं आला. गमछा तोच. कपाळ तसंच, जसं मी कॅनच्या मध्ये ठेवलं होतं तसं.

लोक विचारतात, तू भ्याली नाहीस का. भ्याले. पण त्याच्या आधी मला राग आला. तेरा महिने साठलेला राग.

"तानबा," मी म्हटलं, "मी नाई मारलं तुले. तुले माईत आहे. मंग माझ्यापाशी कायले आला? गावाले जाऊन सांग न. तुझ्या बायकोले सांग. मले एकटीले काऊन छळून राह्यला?"

खिडकीतून हात आत आला. थंड. माझ्या हाताला लागला नाही, फक्त त्याची थंडी लागली. हात लाईटाच्या बटनापाशी थांबला...

बंद कर, असं.

"लाईट बंद करून रस्त्यात उभी राहू? मागून कोनी आलं तं मी मेली."

हात तसाच.

मी बंद केले.

काळोख. धुकं. नदीचाही आवाज नाही.

मग समोरून दोन लाईट आले.

खालचे. पांढरे. तेच.

मी डोळे मिटायला गेले. सवयीनं. पण डोळ्यात काही घुसलं नाही. धुक्यानं तो उजेड पिऊन टाकला होता. लाईट खाली रस्त्यावर लोळत होते, आणि त्यांच्या वरचं मला दिसत होतं. गाडी दिसत होती. पांढरी गाडी. चांदण्यात ज्या उजेडानं माझी नजर नेली, धुक्यात तोच उजेड मला दाखवत होता.

गाडी आली. आवाज न करता आली.

धप्प.

तो आवाज तेवढा आला.

मला वाटत होतं गाडी निघून गेली असेल. त्या डिसेंबरच्या रात्रीही मला तसंच वाटलं होतं. ती गेली नव्हती. ती थांबली. माझ्यापासून चार हातांवर. मी आंधळी बसले होते तेव्हा ती चार हातांवर थांबली होती...

दार उघडलं.

माणूस उतरला. कानटोपी. जाड भिंगाचा चष्मा. तो पडलेल्याकडं गेला. वाकला. उभा राहिला. मग आपल्या गाडीच्या लाईटापाशी आला आणि खाली वाकून एका लाईटाची काच चाचपली. तडा गेला का ते पाहत होता. वाकला तेव्हा उजेड खालून त्याच्या तोंडावर पडला.

मग त्यानं मान वर केली. आणि माझ्याकडं पाहिलं. माझ्या गाडीकडं. ओळखलं त्यानं. चांगलं ओळखलं. थोडा वेळ उभा राहिला...

आणि गाडीत बसला.

मीही त्याला ओळखलं. त्याच तोंडानं मला गाडी शिकवली होती.

लाईट गेले. खिडकीपाशी कोणी नव्हतं. मी हात पुढं केला, आमचे पिवळे लाईट लावले. रस्ता रिकामा. कॅनची झाकणं खडखडायला लागली. मी दूध पोचवलं, वेळेवर पोचवलं, आणि दिवसभर कोणाला एक शब्द सांगितला नाही. सांगून काय होतं ते मला माहीत होतं.

रात्री आठ वाजता मी काकाजींच्या शेकोटीवर गेले. तेरा महिन्यांत पहिल्यांदा. पोट्टे सरकले. काकाजींची सून सुरभी चहा घेऊन आली होती, तिनं मला कप दिला आणि चुलीकडं न जाता तिथंच बसली.

"ये, सूनबाई," काकाजी म्हणाले. "ऐकाले आली का?"

"हाव. सांगा न. थांबू नका माझ्यासाठी."

ते जरा चाचरले, पण पोट्टे समोर होते. सुरू केलं. ओळखीची बाई, घाई, सायकलवाला. मी चहा पीत ऐकत होते. सायकलवाला पडला तिथवर आल्यावर मी विचारलं, "काकाजी, त्या रात्री तुमी कुठं होते?"

"घरी. आनखी कुठं असनार?"

"अन् तुमची ती पांढरी गाडी?"

"कोठ्यात. झाकलेली. इचार कोनालेबी."

"मंग गाडीतून उतरून तानबापाशी वाकलं कोन? लाईटाची काच चाचपली कोनं? माझ्याकडं पायलं कोनं?"

शेकोटीतलं लाकूड तडकलं. काकाजी चिडले. "काही बोलून राह्यली का? तुले काय दिसनार होतं त्या उजेडात?"



मग पियुष बोलला. अकरावीतला पोट्टा, काकाजींचा सगळ्यात लाडका ऐकणारा. "कोनत्या उजेडात, आबा? तुमी तं म्हनता उजेड नव्हताच. भास होता."

काकाजींनी बिडी तोंडाला लावली. ती विझलेली होती. ते तशीच ओढत राहिले.

सुरभी उठली. मागच्या गुरांच्या कोठ्याकडं गेली. आम्हाला पोतं ओढल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात सुतळीनं बांधलेलं बारदान होतं. तिनं ते सासऱ्यासमोर ठेवलं, माझ्यासमोर नाही.

"मामंजी, तेरा महिने झाले तुमी मले म्हनता, त्या पोत्याले हात लावू नको," ती म्हणाली. "मी नाई लावला. आज लावला."

सुतळी पियुषनं तोडली. आत दोन लाईट होते. गोल, पांढरे, नवे कोरे. एकाच्या काचेला तडा.

काकाजींची मान खाली गेली. ते जे बोलले ते पोट्ट्यांनी ऐकलं, मी एकटीनं नाही, म्हणून लिहिते.

"डोळे गेलते माझे," ते म्हणाले. "रातचं दिसत नव्हतं. वर्ध्याहून त्याच दिवशी लाईट बसवून आनले, म्हटलं खालचा उजेड राह्यला तं रस्ता तरी दिसन. जवळचं लय दिसे. पन कडेचं..." मग म्हणाले, "बत्तीस वर्षं गाडी चालवली, सूनबाई. डोळे गेले असं गावाले कोन्या तोंडानं सांगू?"

"ते सांगाले तोंड नव्हतं," मी म्हटलं, "अन् माझं नाव सांगाले होतं. रोज रात्री, बिडी पेटवून."

त्यांनी वर पाहिलं नाही. मला दया आली का? आली असती. पण तानबाची बायको विहिरीवर अर्धी घागर सोडून जाते ते मला आठवलं, आणि आली नाही.

तेवढ्यात पियुषनं मोबाईलचा उजेड दुसऱ्या लाईटावर टाकला, न फुटलेल्या. आणि लाईट खाली ठेवून दिला. चटका बसावा तसा.

काचेवर हात होता. पंजा. पाच बोटं, मधोमध तळवा, चिखलाचा. सुरभीनं पदरानं पुसला. गेला नाही. तिनं थुंकी लावून पुसला. गेला नाही. मग तिनं काच तिरपी धरून पाहिली आणि हळू म्हणाली, "हा आतून आहे."

पोट्टे उठले. कोणी कोणाला हाक मारली नाही. आपापल्या घरी गेले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच ठाण्यात गेले, पोतं घेऊन, सुरभीला घेऊन, पियुषला घेऊन. भूत पाहिलं हे मी तिथंही सांगितलं, लपवलं नाही. साहेब म्हणाले, ते कागदावर घेता येत नाही. मी म्हटलं, नका घेऊ, लाईट घ्या. लाईट घेतले. जबान्या घेतल्या. काकाजी दोनदा येऊन गेले, एकदा कबूल म्हणाले, एकदा आठवत नाही म्हणाले. फेब्रुवारीची तारीख पुढं गेली. कागद बदलायला मे महिना उजाडला, कारण आमच्याकडं बाईवर केस लागायला एक रात्र लागते आणि ती काढायला उन्हाळा लागतो.

मे महिन्यात मला बोलावलं. वर्ध्याचं ऊन तुम्हाला माहीत आहे. बाहेर कावळा बसत नव्हता, ठाण्यातला पंखा गरम हवा खाली ढकलत होता. साहेबांनी कपाटातून लाईट काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, मेकॅनिकला दाखवला. काच कारखान्यातच चिकटवलेली आहे, फोडल्याशिवाय आत काडी जात नाही. मग त्यांनी तो माझ्याकडं वळवला.

चिखल ओला होता. चार महिन्यांनीही. बोटाच्या टोकाला थेंब धरला होता, आणि मी पाहत असताना तो काचेच्या आतून खाली ओघळला.

साहेबांनी लाईट परत कपाटात ठेवला. कुलूप लावलं. दोनदा ओढून पाहिलं.

मग नवा कागद पुढं घेतला. त्यात एक जागा असते, गाडी चालविणाऱ्याचे नाव. इतके दिवस तिथं कोकिळा रूपराव इखार असं होतं. साहेबांनी पेन टेकवलं आणि माझ्याकडं पाहिलं. "घरचंच माणूस आहे तुमचं. लिहू ना?"

"लिहा," मी म्हटलं. "अन् नीट अक्षरात लिहा."

आणि मी सांगितलं, एकेक शब्द, सावकाश.

पुंडलिकराव चंद्रभान इखार.